परीक्षेची पेटी

रविवारी दुपारी चार वाजता परीक्षा ठरली होती. सुतारालाही चारचीच वेळ दिली होती. दोन्ही वेळा थोरल्याने ठरवल्या, म्हणून धाकट्याला संशय आला. पण सुताराला फोन धाकट्यानेच केला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

सुतार पावणेचारलाच आला. त्याने खाली दुकानात डोकावून पाहिलं आणि जिना चढून वर घरात येऊन विचारलं, "भिंत घालायची आहे ना? प्लायवूडची? मधोमध?"

"बसा," दोघा भावांचे वडील, आप्पा, म्हणाले. "अजून ठरायचंय."

"मग मला का बोलावलं?"

"ठरलं तर वेळ जाऊ नये म्हणून," थोरला म्हणाला. थोरल्याचं बोलणं नेहमी असंच असायचं. त्यात चूक काढता येत नसे आणि ऐकवतही नसे.

गेले सहा महिने घरात दोन पक्ष होते, लाल आणि निळा. नव्या जातीच्या डिस्क आल्या होत्या. त्यांच्यात म्हणे नटाच्या गालावरचा देवीचा व्रण मोजता यायचा. पण कंपन्यांचं आपापसात जमलं नाही आणि एकाऐवजी दोन जाती निघाल्या. एचडी डीव्हीडी लाल डबीत यायची, ब्लू-रे निळ्या डबीत. एकीची डिस्क दुसरीच्या यंत्रात चालत नसे. त्यातच गेम खेळायची दोन यंत्रंही एकमेकांच्या जिवावर उठली होती. काळ्या यंत्राच्या पोटात निळी डिस्क चालायची. पांढऱ्याला लाल डिस्क चालवायची तर शेजारी आणखी एक डबा जोडावा लागायचा, वेगळं बिऱ्हाड करून शेजारीच राहणाऱ्या भावासारखा.

थोरला लालच्या बाजूचा. पांढरं यंत्र आधी आलंय, लोकांनी घेतलंय, डबा तेवढा जोडला की झालं, असं त्याचं म्हणणं. धाकटा निळीचा. मुलं गेमसाठी काळं यंत्र मागतील, आईबाप घेऊन देतील आणि डिस्क आपोआप घरात शिरेल, हा त्याचा हिशेब. दुकानात डिस्क भाड्याने देण्याची भिंत एकच होती, सोळा फुटांची. दोन्ही रंग भरायची दुकानाची ऐपत नव्हती. म्हणून पहिल्या महिन्यात चर्चा झाली, दुसऱ्यात अबोला. तिसऱ्या महिन्यात थोरला डाव्या काउंटरवर आणि धाकटा उजव्या काउंटरवर बसू लागला. मधल्या दारातून आलेलं गिऱ्हाईक दोघांकडे पाहून परत जायचं. मागच्या आठवड्यात थोरला म्हणाला, "मग भिंतच घाला. आठ फूट तुला, आठ मला." धाकटा म्हणाला, "घाला." हे दोन शब्द ऐकल्यापासून आप्पांना जेवण जात नव्हतं. ज्याचं चित्र चांगलं त्याचाच रंग दुकानात भरायचा आणि हरलेल्याला ते मान्य नसेल तरच भिंत, अशी परीक्षा त्यांनीच सुचवली.

त्यांनी एक भिंत पाहिलेली होती. ती प्लायवूडची नव्हती, रस्त्याएवढी रुंद होती.

रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, आप्पांच्या धाकट्या भावाचं दुकान होतं. घरात त्यांना समोरचे काका म्हणत, जणू दुसऱ्या कुठल्या बाजूलाही एखादे काका होते. बावीस वर्षांपूर्वी हे दोघे भाऊ एकाच काउंटरवर बसायचे. तेव्हा व्हिडिओ कॅसेट नव्या आल्या होत्या आणि त्यांच्याही दोन जाती होत्या, लहान आणि मोठी. आप्पा लहान कॅसेटच्या बाजूचे, काका मोठीच्या. तेव्हाही घरात परीक्षा झाली, शेजारीपाजारी बोलावून. लहान कॅसेट जिंकली. काका म्हणाले, "ही परीक्षाच खोटी आहे." आप्पा म्हणाले, "हरल्यावर सगळेच असं म्हणतात." काकांनी त्याच आठवड्यात समोरचा गाळा घेतला आणि त्यात मोठ्या कॅसेट भरल्या. पुढे सगळ्या जगाने मोठी कॅसेट घेतली. आप्पांच्या माळ्यावर आजही चारशे बारा लहान कॅसेट आहेत. त्या चालवायचं यंत्र कुठेही मिळत नाही.

ती परीक्षा ज्या पेटीवर झाली, तीच आज आप्पांनी माळ्यावरून काढली होती.

"हिला दोन्ही यंत्रं जोडायची," ते म्हणाले. पेटी म्हणजे साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवाव्यात एवढा पत्र्याचा डबा. मागे तारांची भोकं, पुढे एक गोल बटण. बटण डावीकडे फिरवलं की टीव्हीवर पहिलं यंत्र, उजवीकडे फिरवलं की दुसरं. "तार काढा, तार घाला, ही कटकट नाही. बघ, अजून लोण्यासारखं फिरतं. दरवर्षी तेलाचा थेंब देतो."

"आप्पा, पण टीव्ही?" धाकटा म्हणाला. "हा पोट सुटलेला टीव्ही आहे. नव्या चित्राला चपटा टीव्ही लागतो. खालून आणतो."

"दुकानातला माल घरात आणायचा नाही."

हा त्या चारशे बारा कॅसेटनंतरचा नियम होता. टीव्हीचं दुकान असलेल्या या घरात त्यामुळे गल्लीतला सर्वांत जुना टीव्ही होता.

"मग खाली दुकानात परीक्षा घेऊ."

"तुझ्या काउंटरवर की माझ्या?" थोरल्याने विचारलं.

धाकट्याने टीव्हीवरची धूळ बोटाने पुसली.

"ज्याला फरक दाखवायचाय तो कुठेही दाखवेल," आप्पांनी निकाल दिला. या वाक्यावर पुढचा सगळा अनर्थ उभा राहिला. पण त्या वेळी ते सगळ्यांना पटलं. आप्पांच्या आवाजात बरीचशी वाक्यं पटायची.

*

थोरली सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ती एकामागून एक भिंगं सरकवायची आणि विचारायची, "हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं?" बारा वर्षांत एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. माणसाला फरक विचारला की त्याला फरक दिसतो. कुणी फारच शहाणपणा करायला लागला की ती तेच भिंग पुन्हा लावायची. "हे जास्त चांगलं," तो ठामपणे सांगायचा. ती मान डोलवायची. हे तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. घरच्यांचेही नंबर तीच काढायची.

म्हणून विचारायचं काम आप्पांनी तिच्याकडे दिलं. सिनेमा दोन्ही पक्षांनी काढलेला एकच होता, समुद्रावरचा. एक म्हातारा दाढीवाला कप्तान होता आणि दोन तास पाणी होतं. यंत्रं स्टुलावर ठेवून वर चादर टाकली होती. ही थोरल्याची अट. "काळं दिसायला देखणं आहे," तो म्हणाला होता. "लोक यंत्र बघून मत देतील."

"तुझं पांढरं झाकायचं की नाही मग?" धाकट्याने विचारलं. "की त्याला कोणी बघतच नाही?"

"दोन्ही झाका," आप्पा म्हणाले.

दोघा भावांनी चादरीखाली हात घालून तीन म्हटल्यावर एकाच वेळी यंत्रं चालू केली. ही त्यांची सहा महिन्यांतली पहिली एकत्र हालचाल होती. नंतर दोघांनी घाईघाईने हात मागे घेतले.

खोलीत सहा माणसं होती. आप्पा पेटीपाशी, दोन भाऊ सोफ्याच्या दोन टोकांना, मध्ये सुतार. सून टीव्हीच्या बाजूला उभी. भिंतीपाशी, विजेच्या बोर्डाजवळच्या वेताच्या खुर्चीत आत्या. ही आप्पांची मोठी बहीण. टेलिफोन खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा जोडून निवृत्त झालेली. या घरात राहायची, दर गुरुवारी समोर जेवायची. दोन भावांमध्ये बावीस वर्षांत जे काही बोलणं झालं ते तिच्या तोंडून. "याला सांग, त्याच्या दुकानाच्या पाटीवरचा दिवा माझ्या खिडकीत येतो." "त्याला सांग, खिडकी बंद कर." अशा प्रकारचं.

"आता पांढरं," आप्पा म्हणाले आणि बटण डावीकडे फिरवलं. पडद्यावर लाट आली. "आता काळं." बटण उजवीकडे. लाट तीच, फुटत होती.

"पहिलं की दुसरं?" सुनेने विचारलं.

"पहिलं," थोरला म्हणाला. "प्रश्नच नाही. दुसऱ्यात निळेपणा फार आहे."

"दादा, समुद्र आहे तो."

"समुद्र इतका निळा नसतो."

"तू कधी पाहिलास?"

"पुन्हा दाखवा आप्पा," सून म्हणाली. आप्पांनी पुन्हा फिरवलं. कप्तानाचा चेहरा मोठा झाला. दाढीत मिठाचे कण होते.

"आत्ता बघ," धाकटा म्हणाला. "हे काळं. दाढीचा एकेक केस वेगळा दिसतोय. पांढऱ्यात दाढी म्हणजे नुसता गोळा होता."

"गोळा नव्हता. मऊ होता. दाढी मऊ असते."

"तू दाढीच्या बाजूने बोलतोयस की डिस्कच्या?"

सुतार पुढे वाकून बघत होता. कानावरची पेन्सिल त्याने हातात घेतली होती. "मला विचाराल तर पांढऱ्यात लाकूड चांगलं दिसतं," तो म्हणाला. "जहाजाच्या फळ्या. सागवान ओळखता येतं. काळ्यात ते साधं वाटतं."

"हे बघा," थोरला म्हणाला. "तटस्थ माणूस."

"त्याला भिंतीचं काम मिळणार आहे," धाकटा म्हणाला. "तटस्थ कसला?"

"भिंत दोघांनी सांगितली आहे," सुतार म्हणाला. "मी दोघांचाही तटस्थच आहे."

सुनेला खरं तर थोरल्याच्या बाजूने बोलायचं होतं. नवरा होता, शिवाय तो हरला की तिलाच महिनाभर ऐकावं लागणार होतं. पण सकाळीच तो तिला म्हणाला होता, "तुझं मत काय ते मला माहीत आहे." हे तिला विचारण्याआधी. तिने डोळे बारीक करून पाहिलं. लाटेच्या कडेला काळ्या यंत्रात एक बारीक रेघ होती, फेसाची. पांढऱ्यात ती रेघ नव्हती. तिने शपथेवर सांगितलं असतं.

"दुसरं," ती म्हणाली. "काळं."

"अहो वहिनी," धाकटा म्हणाला. आनंदाने नव्हे. भीतीने.

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. "तुला रोज शंभर डोळे तपासून हे दिसतं?"

"म्हणूनच दिसतं."

*

दोन विरुद्ध दोन झाले. आत्याला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून आप्पांनी रीत म्हणून विचारलं. "अक्का, तुला?"

"मला दोन्ही सारखीच दिसतात," आत्या म्हणाली.

सगळे हसले. बावीस वर्षांपूर्वीच्या परीक्षेतही ती हेच म्हणाली होती आणि तेव्हाही सगळे हसले होते. "आत्याला सारखीच" हा या घरातला वाक्प्रचार झाला होता. कुणी आंधळेपणाने काही निवडलं की वापरायचा.

"अक्काला सोडा," आप्पा म्हणाले. "आता माझं मत."

त्यांनी बटण चार वेळा फिरवलं. पांढरं, काळं, पांढरं, काळं. मान तिरकी करून, मग दुसरीकडे तिरकी करून. आपल्या मताने दुकान दुभंगणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी डोळे मिटून मत द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बावीस वर्षांपूर्वीही त्यांनी भावाच्या तोंडाकडे न बघता फक्त चित्राकडे पाहिलं होतं. त्याचा त्यांना अभिमान होता. तेवढाच उरला होता.

"काळं," ते म्हणाले. "काळ्यात फेस सुटा सुटा दिसतो. पांढऱ्यात तो सांडल्यासारखा दिसतो. मी चित्राशी खोटं बोलणार नाही."

थोरला उठला. रागावला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "ठीक आहे," तो सुताराला म्हणाला. "चला, माप घ्या. शटरच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत. माझ्या बाजूला आठ फूट आणि वर एक इंचही जास्त नको."

"दादा, मला अख्खी भिंत नकोय," धाकटा म्हणाला. "आपण काही..."

"तू जिंकलास. जिंकल्यावर असं बोलायचं नसतं."

आप्पा पेटीवर हात ठेवून बसून राहिले. सुताराने खिशातून टेप काढला. टेपचा कर्रकर्र आवाज खोलीत मोठा वाटला.

तेव्हा आत्या म्हणाली, "झालं असेल तर तो प्लग परत लावू का?"

कुणी लक्ष दिलं नाही.

"कुठला प्लग?" शेवटी सुनेने विचारलं.

"या काळ्याचा. बोर्डावर जागा नव्हती. चहाला किटली लावायची होती, म्हणून काढला." आत्याने बाजूला ठेवलेला प्लग उचलून दाखवला. किटलीतलं पाणी केव्हाच उकळून कोमट व्हायला लागलं होतं. "तुम्ही बोलत होतात, मी म्हटलं मध्ये कशाला विचारा."

"कधी काढलास?" आप्पा म्हणाले.

"पहिल्याच लाटेला."

टीव्हीवर कप्तान दुर्बिणीतून लांब कुठेतरी बघत होता. त्याचा आवाज तेवढा येत होता.

सर्वांत आधी समजलं ते सुनेला. तिला खुर्चीत बसून ठामपणे बोलणारी सगळी गिऱ्हाइकं एकदम आठवली. ती पदर तोंडाला लावून खाली बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. थोरल्याला वाटलं रडते आहे. त्याने पाण्याचा पेला पुढे केला.

"म्हणजे," धाकटा हळू म्हणाला, "काळं बंद होतं."

"बंदच," आत्या म्हणाली.

"आणि त्यात दाढीचा एकेक केस दिसत होता."

"तुला दिसत होता," थोरला म्हणाला. मग त्याला आपला निळेपणा आठवला.

सुताराने टेप सोडला, तो सर्रकन आत गेला. "सागवान मात्र सागवानच होतं," तो म्हणाला.

आप्पांनी चादर काढली. काळ्या यंत्रावरचा दिवा विझलेला होता. त्यांनी पेटीचं बटण उजवीकडे फिरवलं. समुद्र. डावीकडे फिरवलं. समुद्र. मग त्यांनी ते दोन बोटांत धरून गरगर फिरवलं, गोल, पूर्ण गोल, लोण्यासारखं. ज्या बटणाने डावीकडे आणि उजवीकडे थांबायला हवं ते कुठेच थांबेना. त्यांनी ते ओढलं. ते हातात आलं. खाली पितळेचा एक खुंट होता, पहिल्या यंत्राकडे तोंड करून. तो जागचा हललेला नव्हता.

आज नव्हता. आणि ज्या अर्थी दरवर्षी तेल देताना ते बटण इतकंच हलकं फिरत आलं होतं, त्या अर्थी कधीच नव्हता.

"अक्का," ते म्हणाले, "त्या वेळी तू काय म्हणाली होतीस?"

"सारखीच दिसतात म्हणाले होते."

"सारखीच होती."

"तेच म्हणाले होते मी."

आप्पा उठले. पेटीच्या तारा त्यांनी उपटल्या. पडद्यावर मुंग्या आल्या. पेटी काखेत, बटण मुठीत, पायात घरातल्याच सपाता. ते जिना उतरले. दोघे मुलगे खिडकीपाशी धावले आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा एकाच खिडकीतून बघू लागले.

*

समोरचे काका काउंटरवर बसून एका मोबाइलच्या चार्जरला गुंडाळी घालत होते. त्यांच्या दुकानात आता एकही कॅसेट नव्हती, डिस्कही नव्हती. मागच्या वर्षीच त्यांनी सगळं काढून चार्जर आणि मोबाइलची कव्हरं भरली होती. रस्त्यातून आप्पा येताना दिसले तेव्हा त्यांना वाटलं, पाटीच्या दिव्याबद्दल असेल. मग काखेतली पेटी दिसली. ते उठून उभे राहिले आणि का उभे राहिलो हे न कळून परत बसले.

आप्पांनी पेटी काउंटरवर ठेवली. वर बटण ठेवलं.

"हे फिरत नाही," ते म्हणाले. बावीस वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

काकांनी बटण उचलून आत पाहिलं. "फिरतं की. आतला खुंट फिरत नाही. इथे बारीक स्क्रू लागतो."

"तुला माहीत होतं?"

"पेटी मी बनवली होती. तू फक्त रंग दिलास." काका चार्जरकडे बघत होते. "स्क्रू आणायलाच गेलो होतो मी, सायकलवरून. म्हटलं होतं तुला, येईपर्यंत थांब. परत आलो तर तू निकाल लावून शेजाऱ्यांना सरबत देत होतास."

"तू म्हणालास, परीक्षा खोटी आहे. स्क्रूचं म्हणाला नाहीस."

"परीक्षा खोटी आहे एवढं म्हटलं आणि तू म्हणालास, हरल्यावर सगळेच असं म्हणतात. शेजारी हसले."

"पुढचं वाक्य बोलायचं होतंस."

"तेव्हा राग आला होता."

"आणि नंतर?"

"नंतर माझं दुकान चांगलं चालायला लागलं," काका म्हणाले. "मग कसं सांगणार? म्हटलं, तू म्हणशील जिंकल्यावर मिरवतोय."

आप्पांनी मान हलवली. त्यांनी तसंच म्हटलं असतं.

"तो स्क्रू आहे का?"

"बावीस वर्षांपूर्वीचा स्क्रू कोण ठेवतं?" काकांनी ड्रॉवर ओढला. त्यात खसखशीएवढ्या स्क्रूंचे डबेच्या डबे होते. "पण मोबाइलवाल्याकडे बारीक स्क्रूला तोटा नसतो."

*

काका घरात आले. सून पदर सावरून उभी राहिली. धाकट्याने त्यांना आयुष्यात इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ते आप्पांपेक्षा बुटके होते आणि नाक तेच होतं.

"बस," आत्या म्हणाली. "आज रविवार आहे, गुरुवार नाही. साखर किती?"

"तुला माहीत आहे."

काकांनी जमिनीवर बसून डोळ्यांवर भिंग चढवलं आणि स्क्रू पिळला. दोघा पुतण्यांनी दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं. थोरल्याने न सांगता टॉर्च धरला. धाकट्याने तारा पुन्हा खोचल्या, पांढऱ्याची डावीकडे, काळ्याची उजवीकडे. किटलीचा प्लग अजून बोर्डावरच होता. ते कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"मग मी माप घेऊ की जाऊ?" सुताराने विचारलं.

थोरला टॉर्च धरून भिंतीकडे बघत होता. समोरच्या खिडकीतून काकांचं उघडं, माणूस नसलेलं दुकान दिसत होतं. "भिंत राहू दे," तो म्हणाला. "फळ्या बदलायच्या आहेत त्या बघा. वर निळ्या, खाली लाल. माल थोडा थोडाच घेऊ."

"वर लाल ठेव की," धाकटा म्हणाला. "तुझ्या उंचीला बरं पडेल."

"मला काय करायचंय वर? वर निळ्याच."

"दादा, लाल."

"झालं," काका म्हणाले.

आप्पांनी बटण धरलं. ते आता हलकं फिरत नव्हतं. जोर द्यावा लागला. डावीकडे कट असा आवाज झाला आणि समुद्र आला. त्यांनी श्वास घेतला आणि उजवीकडे वळवलं. कट. पडदा काळाकुट्ट झाला.

खोलीतले सगळे त्या काळोखाकडे बघत राहिले, अगदी समाधानाने. आप्पांनी पुन्हा डावीकडे वळवलं, समुद्र. पुन्हा उजवीकडे, अंधार.

आत्याने चहाचा कप काकांपुढे ठेवला, चष्मा वर सरकवला आणि पडद्याकडे नीट पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "आता मला फरक दिसतो."